बोनेरला गाडीच्या काचा उघड्या का ठेवतात

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर लेख आला होता, स्कूबा शिकलेल्यांसाठी स्वर्ग वगैरे, तो इकडे नेदरलँड्समध्ये आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जोरात फिरतोय आणि तो वाचून काही जणांनी ऑक्टोबरच्या सुट्टीची तिकिटंही बघायला घेतलीत, म्हणून म्हटलं लिहावंच. लेख चांगला आहे, पाण्याबद्दल जे जे लिहिलंय ते सगळं खरंय. पण मध्येच एक वाक्य आहे की तिथले लोक एवढे प्रामाणिक की डायव्हर मंडळी गाडीच्या काचा खाली करून, दारं उघडी टाकून बिनधास्त समुद्रात उतरतात, जणू कॅरिबियनमधलं शनी शिंगणापूरच. अहो, नेमकं उलटं आहे. काचा खाली ठेवतात कारण बंद ठेवल्या तर चोर फोडतात. दार लॉक करत नाहीत कारण लॉक केलेली गाडी म्हणजे आत काहीतरी आहे अशी पाटीच लावल्यासारखं होतं. कृपा करून हे वाक्य दुरुस्त करून छापा, कारण ते वाचून कोणी खरंच पाकीट सीटवर ठेवून पाण्यात गेलं तर अर्ध्या सुट्टीचं वाटोळं होईल.

आणि शिंगणापूरचं म्हणाल तर तिथेही २०१० साली बाहेरगावच्या एका भाविकाच्या गाडीतूनच पैसे आणि चीजवस्तू गेल्याची तक्रार झाली होती, पुढे तिथे पोलीस स्टेशनही झालं. म्हणजे गाडीचं काही खरं नाही, देव पाठीशी असला तरी.

आता बोनेरलाच हे एवढं का होतं ते जरा समजून घ्यायला पाहिजे, कारण लेखात बेटाचं जे कौतुक केलंय त्याच गोष्टीतून ही चोरी निघते. मालवण-तारकर्लीला, अंदमानला किंवा मालदीवला आपण डायव्हिंगला जातो तेव्हा बोटीने जातो, सामान बोटीवर असतं, बोटीवर माणूस असतो. बोनेरला तसं नाही. तिथे कोरल रीफ किनाऱ्याला अगदी खेटून आहे, पन्नासच्या वर जागा अशा आहेत की रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेला दगड दिसतो, त्यावर जागेचं नाव, तिथे गाडी लावायची, हवेची टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत पाण्यात शिरायचं. बोट नको, गाइड नको, कोणाची वेळ पाळायला नको. गाड्यांच्या नंबर प्लेटवर सुद्धा डायव्हर्स पॅराडाइज लिहिलेलं असतं, एवढा अभिमान. म्हणून जो तो मागे टाक्या ठेवायची फळी असलेला पिकअप भाड्याने घेतो आणि बेटभर हिंडतो.

पण मग गाडी एकटी राहते ना. आणि नुसती एकटी नाही, किती वेळ एकटी राहणार तेही बघणाऱ्याला पक्कं माहीत असतं. दोन माणसं टाक्या लावून पाण्यात गेली म्हणजे साधारण तासभर तरी वर येणार नाहीत, आणि आली तरी फिन्स हातात घेऊन, वीसेक किलो ओझं पाठीवर, दगडधोंड्यांवरून धडपडत येणार, धावत येऊन पकडायचा प्रश्नच नाही. मुंबईच्या लोकलमध्ये खिसा मारणाऱ्याला जेवढं कसब लागतं त्याच्या दहाव्या हिश्शाचं सुद्धा इथे लागत नाही.

दक्षिणेकडच्या जागा जास्त वाईट, म्हणजे चोरीच्या दृष्टीने. तिकडे मिठागरं आहेत, गुलाबी पाणी, मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, फ्लेमिंगो, आणि १८५० च्या सुमारास मिठावर राबणाऱ्या गुलामांसाठी बांधलेल्या त्या एवढ्याशा खोपट्या, माणूस वाकून आत जाईल एवढंच दार. बघायला सगळं विलक्षण आहे पण वस्ती नाही, झाड नाही, लांबपर्यंत सपाट, आणि एका वेळी एखादीच गाडी उभी. उत्तरेला थाउजंड स्टेप्स म्हणून फेमस जागा आहे (पायऱ्या हजार नाहीत हो, सत्तरच्या आतबाहेर आहेत, टाकी पाठीवर घेऊन चढताना हजार वाटतात म्हणून ते नाव), तिथे गाडी वर रस्त्यावर आणि आपण खाली खोल, म्हणजे गाडी दिसण्याचा संबंधच नाही. वर तिथून पुढे कार्पाटा नावाच्या डायव्हिंगच्या जागेकडे जाणारा रस्ता वन वे आहे, काही विसरलं, काही गेलं म्हणून मागे फिरायचं तर रिंकॉन गावावरून सगळा वळसा.

आमच्या ग्रुपचं जे झालं ते सांगते. दक्षिणेला एका ठिकाणी आम्ही दोन पिकअप लावले होते. एका गाडीत आम्ही, म्हणजे आधी ऐकून-वाचून गेलेलो, काचा खाली, ग्लोव्ह बॉक्स उघडा, आतलं रिकामं दिसेल असा. दुसऱ्या गाडीतली फॅमिली पहिल्यांदाच आलेली, त्यांना काही केल्या पटेना. भावोजी म्हणाले, अहो गाडी भाड्याची आहे, उघडी कशी टाकणार, उद्या गाडीच गेली तर? तसं बघितलं तर माणूस बरोबरच बोलत होता, डोंबिवलीत कोणी गाडी उघडी टाकली तर आपण त्याला वेड्यात काढू. त्यांनी लॉक केली, बॅग सीटखाली सरकवली आणि वरून टॉवेल टाकला. वर आलो तर मागच्या छोट्या काचेचा पार चुरा झालेला, सीटवर, टॉवेलवर, खाली सगळीकडे ते बारीक बारीक चौकोनी खडे, आणि मग लक्षात आलं की जिथे आम्ही उभे होतो तिथे आधीपासूनच तसले जुने खडे पडलेले होते, पांढऱ्या कोरलच्या तुकड्यांमध्ये मिसळलेले, सकाळी येताना आमच्यापैकी कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. बॅग गेली. आमच्या उघड्या गाडीतही हात मारून गेले होते, माझ्या चपला आणि एक गॉगल घेतला, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मात्र उघडून बघितला आणि परत झाकण लावून ठेवून दिला. लाडू मोजले, सगळे होते. त्या परिस्थितीतही हसू आलं.

पुढचं जास्त त्रासाचं. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर गेलो तर त्यांनी काचेचे पैसे डिपॉझिटमधून कापले आणि वर शांतपणे म्हणाले, लॉक करायची नव्हती. गाडी देताना हे सांगितलं होतं का? तर नाही. सही घेताना टायर कसे तपासायचे, पेट्रोल किती भरून द्यायचं, कच्च्या रस्त्यावर काय करायचं नाही, सगळं सांगितलं, चोरीबद्दल एक अक्षर नाही. त्या कागदपत्रांत कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. कंपनीचं नाव मी इथे घालत नाही, कारण एकाच कंपनीची गोष्ट नाही ही, धंद्यातली पद्धतच तशी आहे, गिऱ्हाईक आल्या आल्या चोरांच्या गोष्टी कोण सांगेल.

डायव्हिंगच्या बाबतीत मात्र तिथे शिस्त कडक आहे. पहिल्या दिवशी माहिती देतात आणि एक चेक डाइव्ह, म्हणजे सुरुवातीची चाचणीची बुडी, करायलाच लागते, त्याशिवाय एकटं पाण्यात सोडत नाहीत. हातमोजे घालायचे नाहीत, कोरलला हात लावायचा नाही, नांगर टाकायचा नाही, सगळं घोकून घेतात, आणि त्याचा फायदाही दिसतो, १९७९ पासून त्या बेटाभोवतीचा समुद्र मरीन पार्क आहे आणि रीफ अजून बघण्यासारखी आहे ती त्यामुळेच. माझं म्हणणं एवढंच की त्याच माहितीत दोन मिनिटं किनाऱ्यावरच्या गाडीबद्दल पण बोला ना. बेटावर पाय ठेवायचे ७५ डॉलर एंट्री टॅक्स म्हणून घेतात, वर पाण्यात उतरायचे ४० डॉलर निसर्ग फी म्हणून, निसर्ग फी पार्कवर खर्च होते ते ठीकच आहे, पण एंट्री टॅक्समधून वर्दळीच्या चार जागांवर दिवसा एखादा माणूस उभा करता येणार नाही का? निदान पिवळ्या दगडाशेजारी एक बोर्ड, की गाडीत काही ठेवू नका. पर्यटक घाबरतील म्हणून बोर्ड लावायचा नाही आणि मग पर्यटक रडत परत गेला तर चालतं, हे काही मला समजत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्य लिहायला बसले ती. चोरीत जातं काय? टॉवेल, चपला, थोडे डॉलर, फार तर फोन. ते भरून निघतं. पण गाडीची काळजी डोक्यात घेऊन माणूस पाण्यात उतरला की खाली जे होतं ते धोक्याचं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच फॅमिलीतल्या वहिनी पंचवीस मीटरवर असताना सारखं अंगठा वर करून वर जाऊया वर जाऊया करत होत्या, मला वाटलं हवा संपली की कान दुखतोय, गेज बघितलं तर अर्ध्याच्या वर हवा शिल्लक. वर जाताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, सेफ्टी स्टॉप, शरीरातला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून, तिथेही त्यांचा पाय ठरेना. दंडाला धरून थांबवलं. किनाऱ्यावर आल्यावर म्हणतात कशा, वरती एका गाडीचं दार लागल्यासारखा आवाज आला. पाण्याखाली! बोटीच्या इंजिनाचा आवाज येतो एक वेळ, पण रस्त्यावरच्या गाडीचं दार? मनाचे खेळ. पण त्या मनाच्या खेळापायी घाईने वर येणं म्हणजे बेंड्सला, शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराला, आमंत्रण. बेटावरच्या हॉस्पिटलमध्ये त्यावर उपचाराचं प्रेशर चेंबर आहे म्हणून काय त्यात जाऊन झोपायची हौस आहे का कोणाला.

दुसरा प्रकार म्हणजे एकाने वर गाडीपाशी बसायचं आणि बाकीच्यांनी जायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मग तीन जण असतील तर ठीक, दोघंच असतील तर एक जण बडीशिवाय, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराशिवाय, एकटा पाण्यात जातो, जे ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून करू नका म्हणून सांगितलेलं असतं. आणि वर जो बसतो, खास करून एकटी बाई निर्जन ठिकाणी गाडीत बसलेली, ती सुरक्षित आहे असं कोणी सांगितलं? हजार-दोन हजारांच्या वस्तूसाठी माणूस पहाऱ्याला बसवायचा म्हणजे वस्तूपेक्षा मोठी जोखीम घ्यायची. त्यापेक्षा वस्तूच नेऊ नका.

हेच खरं औषध आहे आणि ते फुकट आहे. रूमवरून निघतानाच पाण्यात उतरायच्या कपड्यांत निघायचं, गाडीत टाक्या, पाण्याची बाटली, जुना टॉवेल, फाटकी चप्पल, बस्स. पासपोर्ट, क्रेडिट कार्ड, जास्तीचे पैसे रूमच्या तिजोरीत. फोन लागतोच म्हणत असाल तर सगळ्यांत मिळून एक, तोही जुना. मंगळसूत्र, अंगठ्या घरीच ठेवून या, बेटावरच्या रूमवर सुद्धा नको, समुद्रात तसंही बोट आकसून अंगठी गळून पडते. पैसे फार तर टाकी भरायला आणि वाटेत काही खायला लागतील एवढे, तिथे २०११ पासून अमेरिकन डॉलरच चालतो त्यामुळे चोराला बदलून घ्यायचीही कटकट नाही. आणि गाडीची चावी? हा प्रश्न सगळे विचारतात. गाडी घेतानाच साधी धातूची चावी मागून घ्या, बटणवाली रिमोटची नको, ती खारं पाणी लागलं की मेली. साधी चावी बीसीडीच्या, म्हणजे डायव्हिंगच्या हवा भरायच्या जाकिटाच्या, आतल्या खिशात क्लिपला अडकवायची, तिच्यासकट तीस मीटरवर जाऊन आलं तरी काही होत नाही. चाकावर, दगडाखाली लपवून ठेवायची नाही, ती जागा आपल्याला सुचते तशी सगळ्यांनाच सुचते.

पासपोर्टबद्दल जरा वेगळं सांगायला पाहिजे कारण आपल्या लोकांना एक सवय असते, परदेशात पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा, पोटाला बांधून. शहरात ठीक आहे. इथे पोटाला बांधून पाण्यात जाता येत नाही म्हणून तो गाडीत राहतो, आणि तिथेच जातो. बोनेरवर भारतीय दूतावास नाही. २०१० पासून ते नेदरलँड्सची खास नगरपालिका असलं तरी आहे कुठे, तर व्हेनेझुएलाच्या समोर, ॲमस्टरडॅमपासून विमानाने नऊ-दहा तासांवर. पासपोर्ट आणि त्याच बॅगेत नेदरलँड्सचं रेसिडेन्स कार्ड गेलं की माणूस बेटावर अडकला, पुढची सगळी धावपळ समुद्रापलीकडच्या ऑफिसांशी फोनवरून आणि घड्याळ वेगळं. त्या बॅगेत आमच्या मंडळींचे पासपोर्ट नव्हते ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. दोन्ही गोष्टींचे फोटो मेलवर टाकून ठेवा, आणि अस्सल कागद रूमवर.

रूमवरही ढिलाई नको. बाल्कनीत वाळत घातलेला वेटसूट, रेग्युलेटर रात्रीतून गायब होतात, हॉटेलांमध्ये सामान ठेवायला कुलूपबंद खोल्या असतात त्या वापरा. बंगला भाड्याने घेतला तर खिडक्यांना ग्रिल आहे का, तिजोरी आहे का, आणि ती भिंतीला पक्की आहे का की उचलून नेण्यासारखी आहे, एवढं बुकिंगच्या आधी विचारा, स्विमिंग पूलचा फोटो नंतर बघायचा. नाइट डाइव्ह करायची तर गजबजलेल्या ठिकाणी, जिथे आणखी डायव्हर आहेत, डायव्हिंगच्या दुकानाच्या धक्क्याजवळ. लांबच्या अंधाऱ्या किनाऱ्यावर दोघांनीच रात्रीचं जाऊ नये असं माझं मत. आणि समजा तुम्ही पाण्यातून बाहेर येताय आणि गाडीपाशी कोणी दिसलं, तर तिथेच उथळ पाण्यात थांबा, जाऊ दे त्याला, ओरडत अंगावर जायची मर्दुमकी नको. चपलेसाठी कोणी जीव देत नसतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल मग जायलाच नको. तसं अजिबात नाही म्हणायचं मला. डायव्हिंगच्या ठिकाणांवर खरे भयंकर प्रकार झालेत ते वेगळे, मलेशियातल्या सिपादानला २००० साली बंदूकधाऱ्यांनी रिसॉर्टमधून एकवीस माणसं पळवून नेली होती, थायलंडच्या को ताओवर २०१४ मध्ये दोन ब्रिटिश पर्यटकांचे खून झाले. बोनेर त्या जातीचं नाही, शस्त्र दाखवून लुटण्याचे प्रकार अगदीच झाले नसतील असं नाही पण डायव्हरला जो भेटतो तो बहुतेक वेळा हा गाडीत हात घालणारा भुरटा चोर, ज्याला तुमचं तोंडही बघायचं नसतं. गंमत अशी की बेटावरची सगळ्यात लोकप्रिय बुडालेली बोट, हिल्मा हूकर, ती स्वतःच चोरट्या मालाची. १९८४ साली तिच्यात खोट्या भिंतीमागे टनावारी गांजा सापडला, बोट जप्त झाली, मालक काही पुढे येईना आणि शेवटी सप्टेंबरमध्ये ती बुडाली ती आता तीस मीटरवर आडवी पडलीय, भोवती मोठाले टार्पन मासे. तिला बघायला जाणाऱ्यांच्या गाड्या वर फुटतात, म्हणजे परंपरा जपलीय म्हणायची.

आमच्यातले एक जण लगेच म्हणाले, हे इथले लोकच असे. मला ते आवडलं नाही. काच फुटल्यावर तिथे पहिली जी गाडी थांबली ती बेटावरच्याच एका म्हाताऱ्या माणसाची होती, त्याने आपल्या गाडीच्या मागच्या भागातून प्लास्टिकचा तुकडा काढला, जाड टेप काढली, आधी हाताने नाही तर झाडूने काचा गोळा केल्या आणि खिडकी अशी बंद करून दिली की परत करेपर्यंत सुटली नाही. पैसे घेतले नाहीत. झाडू आणि टेप गाडीत ठेवूनच फिरत होता म्हणजे त्याच्यासाठी हे रोजचंच असणार. त्या बेटावर खायचं-प्यायचं जवळपास सगळं बाहेरून येतं, भाव युरोपसारखे किंवा वर, पगार मात्र युरोपातल्या नेदरलँड्सपेक्षा कमी, २०२३ मध्ये डच सरकारने नेमलेल्या समितीनेच सांगितलं की या बेटांवर बऱ्याच घरांना मिळकत पुरत नाही, २०२४ मध्ये किमान पगार वाढवला तो त्यानंतर. आणि आपण त्यांच्यासमोर कित्येक महिन्यांच्या पगाराचा कॅमेरा सीटवर ठेवून तासभर गायब होतो. चोरी माफ करा असं नाही म्हणत, चोरी ती चोरी. पण अख्ख्या बेटाला चोर ठरवणं हे लेखातल्या त्या अख्ख्या बेटाला साधू ठरवण्याइतकंच चुकीचं.

शेवटचं पोलिसांचं. काही गेलं की लोक म्हणतात जाऊ दे, चपलाच तर होत्या, कशाला सुट्टीतला वेळ घालवायचा. तक्रार कराच. इमर्जन्सीला ९११, आणि नुसती चोरी असेल तर क्रालेंडाइकला, म्हणजे तिथल्या मुख्य गावात, पोलीस स्टेशनला जाऊन. तक्रारीच नाही झाल्या तर कागदावर चोरीच नाही, मग ना बोर्ड लागणार ना माणूस उभा राहणार, आणि भाड्याच्या गाडीवाले पुढच्याला पण काही सांगणार नाहीत. शिवाय इन्शुरन्स. डायव्हिंगचा विमा असतो तो बहुतेक करून अपघाताचा, उपचाराचा, सामानाचा विमा वेगळा बघावा लागतो आणि त्यात बरेचदा बारीक अट असते की गाडीत उघड्यावर ठेवलेल्या वस्तूचे पैसे मिळणार नाहीत, ती अट निघायच्या आधी वाचा. पोलिसांच्या कागदाशिवाय तर क्लेम पुढेच सरकत नाही. आमच्या मंडळींना जो कागद मिळाला तो डचमध्ये होता, इथल्या विमा कंपनीला तो चालला. भारतातून येणाऱ्यांनी तिथेच इंग्लिशमध्ये मिळतो का ते विचारून घ्यावं, नाहीतर घरी पोचल्यावर पुण्या-मुंबईत डचवरून भाषांतर करून देणारा माणूस शोधत बसावं लागेल आणि त्याची फी गेलेल्या चपलेपेक्षा जास्त व्हायची.

आपली,
एक वाचक, अ‍ॅम्स्टेल्व्हीन, नेदरलँड्स